मल्लप्पांची आच

आमच्या जिल्ह्यात उन्हाला कधी तोटा नव्हता. बाकी सगळ्याला होता. पण ह्या उन्हाचा उपयोग कुरडया वाळवणं, मिरच्या वाळवणं आणि माणसं वाळवणं ह्यापलीकडं कुणाला सुचला नव्हता. तो डॉक्टर निगुडकरांना सुचला. उन्हात औषध बनवायचं, असं त्यांच्या मनानं घेतलं, आणि शहाण्या माणसाच्या मनानं एकदा काही घेतलं की आसपासच्या अडाण्यांची धडगत नसते.

तेल काढण्यात आणि तपासण्यात माझी जवळजवळ चाळीस वर्षं गेली. त्यातली बहुतेक सांगण्यासारखी नाहीत. तेल निघालं, विकलं, संपलं. एक उन्हाळा मात्र आहे. तो निजामाच्या राज्यातला, लढाई संपल्यानंतरचा दुसरा.

शेटजींचा ओव्याच्या तेलाचा कारखाना धाराशिवात होता. कागदोपत्री उस्मानाबादेत होता, पण आम्ही घरी धाराशिवच म्हणायचो. कारखाना म्हणजे दोन तांब्याचे भबके, एक पत्र्याची शेड, एक विहीर आणि ह्या तिन्हींहून मोठी पाटी. मी तिथं 'असिस्टंट केमिस्ट' होतो. दुसऱ्या खेपेला का होईना, पण मॅट्रिक पास झालो होतो आणि उर्दू अर्जी झोकात लिहायचो. रसायनशास्त्र येणं ही त्या पदाची अट नव्हती.

धंदा सोपा आहे. भबका म्हणजे झाकणाचा मोठा हंडा. त्यात पाणी आणि ठेचलेला ओवा घालायचा, खाली जाळ करायचा. वाफ नळीतून थंड पाण्यात फिरवली की पुढच्या बाटलीत पाणी जमतं आणि त्यावर तेल तरंगतं. आधी हलकं तेल येतं, लिंबासारख्या वासाचं. जड तेल मागून येतं. ते गार केलं की त्यात खडीसाखरेसारखे खडे धरतात. तेच ओव्याचं फूल, आणि भाव त्यालाच. हलक्या तेलाला कुणी विचारत नसे. ते शेटजींच्या कंदिलात जळायचं आणि शेटजी वर्षभर खोकायचे.

जड तेल मागून येतं, आणि यायला कुरकुरतं. म्हणून भट्टीवाल्यांची रीत अशी, की शेवटच्या घटकेला पाणी खाली गेलं की जाळ दुप्पट करायचा आणि भबक्याला पिळून काढायचं. कच्चा भट्टीवाला इथं कंटाळतो, पक्का इथंच कमावतो. आमचे मल्लप्पा पक्के होते.

मल्लप्पा सास्तूरचे. वय पन्नाशीचं, कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, घरात निम्मं कानडी निम्मं मराठी. भबक्याला कान लावून आत पाणी किती उरलंय ते बोटाच्या मापानं सांगायचे, आणि मी झाकण काढून गज बुडवून मोजलं तर माझंच माप चुकलेलं निघायचं. पहिला थेंब पडला की हात जोडून "बंतु!" म्हणायचे. आलं, असा त्याचा कानडी अर्थ. त्यांचा तिशीतला मुलगा शिवप्पा सरपण आणि पाणी बघायचा. बापाच्या मागं भट्टी त्याची, हे भबक्यालाही ठाऊक होतं.

मला ते 'मास्तर' म्हणायचे. मी मास्तर नव्हतो. पण जो माणूस काही करत नाही आणि नुसता लिहितो, त्याला दुसरं काय म्हणणार?

अशा ह्या सुखी संसारात डॉक्टर निगुडकर मुंबईहून आले. ते रसायनशास्त्राचे डॉक्टर होते. हा बारकावा आमच्या गावाला मानवला नाही. दुसऱ्याच दिवशी कारखान्याच्या दारात आजाऱ्यांची रांग लागली. माकणीचा एक शेतकरी बैलगाडीतून आला होता. त्याच्या पोटरीतून नारू बाहेर लोंबत होता आणि त्यानं तो काडीला गुंडाळून धरला होता. डॉक्टरांनी त्याला समोर बसवलं आणि आपण औषध देणारे डॉक्टर नसून पदार्थाच्या अंतर्रचनेचे अभ्यासक कसे आहोत, हे अर्धा तास शुद्ध मराठीत समजावलं. तो मान डोलवत राहिला. शेवटी म्हणाला, "समदं पटलं, सायेब. पर पायाचं काय?"

तर हे डॉक्टर आमच्या कंदिलातलं हलकं तेल हुंगून नाचले. अक्षरशः नव्हे, पण त्यांच्या मानानं नाचलेच. त्याचं असं होतं, की पोटातल्या जंतांवर एक जालीम तेल अमेरिकेतून यायचं. आपल्या चाकवताच्या जातीच्या एका झाडाचं ते तेल. लढाईत ते बंद झालं आणि लढाई संपली तरी सुरू होईना. लढाई संपल्याचं जंतांना मात्र कुणी कळवलं नव्हतं. शेतात अनवाणी वावरणारी अर्धी माणसं पांढरीफटक पडून भिंतीला टेकून बसायची. त्या तेलातला जालीम पदार्थ उन्हाच्या जोरावर आमच्या टाकाऊ तेलातून बनवता येईल, असं डॉक्टरांना परदेशातल्या कुठल्या मासिकात वाचायला मिळालं होतं.

कसं, ते मला कळलं तेवढं सांगतो. चूक असेल तर ती माझ्या दुसऱ्या खेपेच्या मॅट्रिकची समजा. त्या तेलाचा अगदी बारीकात बारीक कण घेतला तर ते एक कडं असतं. कोळशाच्या जातीचे सहा कण एकमेकांचे हात धरून उभे. डॉक्टर आधी ते तेल थोड्या तेजाबाबरोबर, म्हणजे आम्लाबरोबर, उकळायचे, म्हणजे कड्यातले हात हवे तसे बदलून घेता येत. मग त्या कड्यात समोरासमोर उभ्या दोघांच्या मधे हवेतल्या प्राणवायूची जोडी आडव्या पुलासारखी बसवायची. एका कड्याची दोन होतात. तो पूल म्हणजेच औषध. जंत मरतात ते पुलानं.

पण पूल बसवायला जोर लागतो, आणि उन्हाचा जोर त्या स्वच्छ तेलाला लागतच नाही. ऊन आरपार निघून जातं. इथं झाडाच्या पानातला हिरवा रंग कामाला येतो. तो ऊन धरतो, तो जोर हवेतल्या प्राणवायूला देतो, प्राणवायू कड्यात जाऊन बसतो आणि हिरवा रंग आपला होता तसा मोकळा, पुढच्याला जोर द्यायला तयार. लग्न जमवणाऱ्या मध्यस्थासारखा. लग्न दुसऱ्याचं लागतं, हा जेवून पुढच्या गावाला. ह्याला उत्प्रेरक म्हणतात, असं डॉक्टरांनी मला वहीत लिहून घ्यायला लावलं. आमचा मध्यस्थ मात्र उन्हानं चार दिवसांत पांढरा पडायचा आणि नवा आणावा लागायचा.

हिरवा रंग आम्ही लसूणघासातून काढायचो. घास स्पिरिटमध्ये भिजवला की रंग उतरतो. आता स्पिरिट म्हणजे दारूचा अर्क, म्हणजे आबकारी खातं, म्हणजे अर्जी. 'औषधाकरिता दारू हवी' अशी अर्जी मी लिहिली. नंतर कळलं, की राज्यातला दारू हवी असलेला प्रत्येक इसम हेच लिहितो. पाच अर्ज्या, तीन मोहरा आणि एका हिवाळ्यानंतर परवाना आला.

मग शेडच्या गच्चीवर मिठाईवाल्याच्या जुन्या बरण्या ओळीनं मांडल्या. स्पिरिट, तेल, हिरवा रंग. बरण्या गरम होऊ नयेत म्हणून पाण्याच्या हौदीत ठेवलेल्या, आणि आत हवा सोडायला रबरी नळ्या एका लोहाराच्या भात्याला जोडलेल्या. भर बारा वाजता डोक्याला पंचा गुंडाळून भाता ओढायचं काम 'असिस्टंट केमिस्ट'चं होतं. पाटीवर हे लिहिलेलं नव्हतं.

गच्चीवर हिरवीगार बरण्यांची रांग उन्हात चमकू लागली आणि शेटजी हिरवी दारू गाळतात, ही बातमी कळंबापर्यंत गेली. आबकारीचा एक दरोगा आला. चौकशी झाली, वास घेऊन झाला. शेवटी त्यानं एक भरलेली बरणी तपासासाठी जप्त केली, कापडात बांधली, मोहर केली आणि कचेरीच्या कपाटात ठेवली. तीन आठवड्यांनी ती सहीसलामत परत आली. डॉक्टरांनी उघडली तर आत रंग तस्सा हिरवागार आणि वास तोच, लिंबाचा. गच्चीवरच्या बरण्यांचा रंग उतरला होता आणि त्यांना उग्र, घशात बसणारा वास येत होता. एकाच दिवशी एकाच पिंपातून भरलेल्या बरण्या. एक अंधारात, बाकीच्या उन्हात. "बघा, अंधारात काहीच घडलं नाही!" डॉक्टर ओरडले. जो प्रयोग करायचं त्यांना सुचलं नव्हतं, तो सरकारनं कपाटात ठेवून करून दिला होता. त्या दरोग्याला कुणी पदक दिलं नाही, ही माझ्या मते त्या राज्याची मोठी चूक.

पहिलं थोडं औषध डॉक्टरांनी काचेच्या नळ्यांत स्वतः काढलं आणि स्वतःच घेऊन पाहिलं. दोन दिवस त्यांच्या कानात घंटा वाजत होत्या. त्यांनी मात्रा कमी केली. सरकारी दवाखान्याच्या डॉक्टरांना दाखवून, त्यांच्या देखरेखीत ती पहिल्यांदा दिली गेली मल्लप्पांच्या सुनेला. शिवप्पाची बायको वर्षभर उंबऱ्याला टेकून बसलेली असायची, पाण्याची घागर उचलत नव्हती. औषध आणि वर एरंडेल. काय पडलं ते दिवाळी अंकात लिहिण्यासारखं नाही. दीड महिन्यानं ती डोक्यावर भाकरीची दुरडी घेऊन कारखान्यात आली.

त्या दिवसापासून मल्लप्पांनी डॉक्टरांपुढं चप्पल घातली नाही. मला म्हणाले, "मास्तर, ह्या मानसासाठी म्या भट्टीत हात घालीन." लोक असं बोलतात. मी ऐकून सोडून दिलं.

आता मोठ्या प्रमाणावर काढायचं ठरलं, म्हणजे भबक्यातून. त्या आधी डॉक्टरांनी शेटजींना आणि मला खोलीत बोलावलं, दार लावलं. लोखंडी पळीत तयार औषधाचे दोन थेंब घेतले आणि पळी दिव्यावर धरली. क्षणभर काही झालं नाही. मग बंदुकीसारखा आवाज झाला, पळी हातातून उडाली आणि शेटजी गादीखाली सापडले.

"पाण्याच्या वाफेबरोबर आलं तर हे तेल गरीब आहे," डॉक्टर म्हणाले. "कोरडं तापलं तर तो मधला पूल तुटतो, आणि तो तुटताना सगळं घेऊन तुटतो. भबक्यात चार बोटं पाणी कायम हवं. आच मंद. थोडं कमी निघालं तरी चालेल, शेवटी पिळायचं नाही. हे मल्लप्पांना आजच सांगा. पळी पण दाखवा."

डॉक्टर परवान्याच्या कामाला हैदराबादला गेले. शेटजींनी मला बाजूला घेतलं. "पळी-बिळी काही दाखवू नको. भट्टी उडते म्हणून कळलं तर उद्या कामाला कोण येईल? नुसतं आच मंद ठेवा म्हण."

इथं शेटजींवर ढकलून मला मोकळं होता आलं असतं. पण खरं सांगायचं तर मला ते सोयीचंच वाटलं. जे गुपित फक्त डॉक्टर, शेटजी आणि मी अशा तिघांना माहीत, ते चौथ्याला का सांगा? आयुष्यात पहिल्यांदाच मला मल्लप्पांपेक्षा जास्त काही माहीत होतं.

मी भट्टीवर जाऊन म्हणालो, "मल्लप्पाकाका, ह्या तेलाला आच मंदच ठेवायची. पाणी चार बोटांखाली जाऊ द्यायचं नाही. शेवटी पिळायचं नाही."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. "जड माल मागनं येतोय, मास्तर. शेवटाला पिळलं न्हाय तर निम्मा आतच ऱ्हाईल. कशापायी पिळायचं न्हाय?"

"साहेबांचा हट्ट आहे," मी म्हणालो.

"सायेबाचा हट्ट, मंग ऱ्हाऊ द्या," मल्लप्पा हसले. शिकलेल्या माणसांचे हट्ट त्यांनी पुष्कळ पाहिले होते. मी मोजलेली पाण्याची मापंही त्यांनी पाहिली होती.

दोन घाणे मंद आचेवर निघाले. तेल थोडं आलं, पण चांगलं आलं. तेवढ्यात निरोप आला, की अव्वल तालुकदारसाहेब, म्हणजे आजच्या भाषेत कलेक्टर, कारखाना पाहायला येणार. त्यांना पसंत पडलं तर पुढच्या वर्षीचं स्पिरिट आणि जिल्ह्यातल्या दवाखान्यांना औषध देण्याचा हुकूम, नाहीतर कारखाना पुन्हा कंदिलाच्या तेलावर.

शेटजींनी मांडव घातला, कनाती आणल्या. मानपत्र उर्दूत वाचायचं होतं, ते काम अर्थातच माझं. मी आठ दिवस ते पाठ करत होतो. त्यात तालुकदारसाहेबांना आफताब म्हटलं होतं, म्हणजे सूर्य. उन्हात भाता ओढून सोललेलं माझं नाक बघता हा गौरव होता की तक्रार, हे त्यांना ठरवता आलं असतं. कोर्टातल्या एका कारकुनाची काळी शेरवानी मी मागून आणली. आरशात पाहिलं तर मी चांगला दिसत होतो, हे लिहायला मला आजही लाज वाटते.

डॉक्टर हैदराबादहून परतले होते. त्या दिवशी सकाळी त्यांनी बजावलं, "मानपत्र दुसरं कुणी वाचेल. तुम्ही भबक्यापाशीच उभे राहा. साहेब इकडं येईपर्यंत हलायचं नाही." मी हो म्हणालो.

साहेब आले तेव्हा घाणा अर्ध्यावर होता. मी शेरवानी घालून भट्टीपाशी घामाघूम उभा. मांडवातून शेटजींनी हात केला. दुसरा कुणी वाचणारा त्यांनी शोधलाच नव्हता. आणि ती संधी सोडायचं माझ्याही मनात नव्हतं. मी मल्लप्पांना म्हणालो, "आच वाढवू नका. आलोच मी."

"तुमी जावा," मल्लप्पा म्हणाले. "बाटलीत बूडबी भरलं न्हाय अजून. सायेबाफुडं काय ठिवायचं?"

मी गेलो. मला ते ऐकू आलं होतं, तरी गेलो.

पुढचं मला शिवप्पानं सांगितलं. बाप बाटलीकडं बघत राहिला. तळाला जेमतेम तेल. इतका मोठा हाकीम येणार, डॉक्टर त्याला बाटली दाखवणार, आणि तीत एवढंसं? ज्या माणसानं आपली सून उभी केली, त्याची चारचौघांत फजिती आपल्या भट्टीवर? मल्लप्पांनी भबक्याला कान लावला. पाणी खाली गेलं होतं. रोज ह्याच घटकेला ते जाळ वाढवायचे. त्यांनी शिवप्पाला पाणी आणायला विहिरीवर पाठवलं आणि तुराट्यांच्या दोन कवळ्या चुलीत सारल्या.

मांडवात मी तिसऱ्या परिच्छेदावर होतो. मागून मल्लप्पांचा खुशीतला आवाज आला, "बंतु! बंतु!"

तेल जोरात येऊ लागलं होतं, आणि मंद आचेवर जोरात येत नसतं. हे मांडवातल्या दोघांनाच कळण्यासारखं होतं. डॉक्टर साहेबांच्या शेजारी बसून त्यांना कड्याची गोष्ट सांगत होते, त्यांना ऐकू गेलं नाही. मला गेलं, आणि मला समजलं. मानपत्राच्या तीन ओळी राहिल्या होत्या. मी त्या वाचल्या.

शेवटच्या ओळीवर टाळ्या पडल्या आणि त्यातच आवाज झाला. शेडचा पत्रा उचलला गेला. भबक्याचं झाकण विहिरीपलीकडं जाऊन पडलं. तालुकदारसाहेब उठले आणि त्यांनी सगळ्यांत आधी विचारलं ते, आत माणूस होता का. डॉक्टर तोवर पळत सुटले होते. मी शेरवानीची बटणं सोडत होतो. ती मागून आणलेली होती ना!

मल्लप्पा वाचले. दोन्ही डोळे गेले. उजवा हात कोपरापासून भाजून आखडला.

संध्याकाळी पंचनामा झाला. शेटजींनी सांगितलं आणि अक्षर चांगलं म्हणून मी लिहिलं: सदर मल्लप्पानं, वेळोवेळी सक्त ताकीद दिलेली असतानाही, आपल्या हेकेखोरपणानं जाळ वाढवून भट्टी फोडली. खाली साक्षीदाराची सही माझी. लिहून घेणाऱ्या अंमलदाराला त्यात खोटं काही दिसण्याचं कारण नव्हतं. वाक्य फार सुबक होतं.

दवाखान्याच्या पायरीवर डॉक्टरांनी मला विचारलं, "तुम्ही त्यांना सांगितलं होतं ना?"

"हो," मी म्हणालो. आच मंद ठेवा असं सांगितलंच होतं की. आयुष्यभर अर्ज्या लिहिणाऱ्याला असं हो म्हणता येतं.

डॉक्टर महिन्याभरात मुंबईला परत गेले. त्यांनी पुन्हा ह्या कामाला हात लावला नाही असं ऐकलं. बरण्या मिठाईवाल्यानं परत नेल्या. पुढच्याच्या पुढच्या पावसाळ्याअखेर निजामाचं राज्य गेलं, उर्दू दप्तरं गाठोड्यात गेली, आणि पंचनामा वाचता येणारी माणसंही कचेरीत उरली नाहीत. पण वाचायची गरज कुणाला होती? तो पाठ झाला होता. सोलापूरपासून लातूरपर्यंत ज्या भट्टीवर शिवप्पा काम मागायला गेला, तिथं त्याला एकच विचारलं गेलं, "भट्टी फोडली त्या मल्लप्पाचाच ना तू?" तिसऱ्या नकारानंतर त्यानं विचारणं सोडलं आणि दुसऱ्याच्या शेतात कामाला गेला. बापाशी बोलणंही जवळजवळ सोडलं.

मला हे सगळं उडत उडत कळत होतं. मी तोवर तेलं तपासण्याच्या सरकारी नोकरीत शिरलो होतो. दुसऱ्यांच्या तेलातली भेसळ पकडायचो, आणि त्यात माझा हात धरणारा कुणी नव्हता.

बारा-तेरा वर्षांनी लोहारा गावाकडं काम निघालं. तिथून सास्तूर जवळ. गेलो. जायचं ठरवून गेलो, असं लिहावंसं वाटतं, पण जीप त्याच रस्त्यानं परतत होती.

मल्लप्पा अंगणात बसून बैलांची दावी वळत होते. दोराचं एक टोक पायाच्या अंगठ्यात, दुसरं डाव्या हातात. मी खाकरलो.

"मास्तर का?" ते म्हणाले. "बसा. तुमचा आवाज कसा इसरंन म्या? लई झ्याक वाचत हुता तुमी त्या दिशी."

सुनेनं पाणी आणलं. तब्येत उत्तम होती. बराच वेळ आम्ही पाऊसपाण्याचं बोललो. मग मल्लप्पांनी दोर खाली ठेवला आणि विचारलं, "एक सांगा मास्तर. बाटली फुटली व्हती का?"

"नाही. तडासुद्धा गेला नव्हता."

"किती भरली व्हती?"

"तीन पाव."

"येत व्हतं. झकास येत व्हतं. मंग माजं चुकलं कुठं, तेवढं उमगत न्हाय. एवढी वर्सं त्येच कोडं घालून बसलो बगा. आंधळ्याला दुसरं काम काय?"

तेव्हा मी सांगितलं. पळी, दोन थेंब, आवाज, बंद दार. डॉक्टरांनी काय सांगायला सांगितलं होतं आणि मी काय सांगितलं. मांडवात 'बंतु' ऐकू आलं होतं, तेही. शेटजींचं नाव मी अगदी शेवटी घेतलं, आणि तेवढंच एक त्या दिवशी बरं वागलो.

मल्लप्पा ओरडले नाहीत. ते ओरडले असते तर मी सुटलो असतो. त्यांनी गोठ्याकडं तोंड करून हाक मारली, "शिवा! इकडं ये. हे मास्तर काय म्हनत्यात ऐक." शिवप्पा येऊन उभा राहिला. "पुन्यांदा सांगा मास्तर. पैल्यापास्नं."

मी पुन्हा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना शब्द सापडत नव्हते. शिवप्पा ऐकत होता, बापाकडं बघत होता. ऐकून झाल्यावर तो बापाच्या शेजारी खाली बसला आणि अर्धवट राहिलेल्या दाव्याचं टोक त्यानं हातात घेतलं.

"आता कसं," मल्लप्पा म्हणाले. त्यांचा चेहरा भाजून ताठरला होता, त्यावरून काही कळत नसे. पण आवाज मोकळा होता. "म्या कमी न्हवतो मास्तर. मला ठावं न्हवतं. ह्यात लई फरक हाय."

"फार फरक आहे, काका."

"मंग लिवून द्या. त्या दिशी लिवलं तसं. तोंडचं कोन ऐकतंय? कागुद आसला तर शिवाला दाखिवता यील."

सरकारी नोकर होतो मी. खोट्या पंचनाम्यावर साक्षीची सही केली, हे स्वतःच्या अक्षरात लिहून द्यायचं? बायको, दोन मुलं, बढतीचा कागद पुढं गेलेला. हे सगळं एका क्षणात मनात मांडून झालं. अशा कामात मी पहिल्यापासून चपळ.

"काका, आत्ता पेन नाही जवळ," मी म्हणालो. "धाराशिवला गेल्यावर लिहून पाठवतो."

पेन माझ्या खिशाला होतं. मल्लप्पांना ते दिसत नव्हतं. शिवप्पाला दिसत होतं. त्यानं माझ्या खिशाकडं पाहिलं, मग माझ्या तोंडाकडं पाहिलं, आणि बापाला काही सांगितलं नाही.

"धाडा सवडीनं," मल्लप्पा म्हणाले.

मी पाठवलं नाही. मल्लप्पा त्यानंतर सहा वर्षं जगले. पोस्टमन दिसला की विचारायचे, असं मला नंतर त्यांच्या सुनेनं सांगितलं. तिनं ते रागानं सांगितलं नाही, नुसतं सांगितलं.

आता मला बढतीही मिळायची नाही आणि पेन्शनही कुणी काढून घेणार नाही. धैर्य दाखवायला ह्याहून सुरक्षित वेळ कुठली? तर कागद असा:

सास्तूरचे मल्लप्पा, ओव्याच्या तेलाचे भट्टीवाले, यांनी धोक्याची कुठलीही ताकीद मोडली नाही. आच मंद ठेवा, हे मी त्यांना नुसता साहेबांचा हट्ट म्हणून सांगितलं होतं. ते तेल कोरडं तापलं तर भट्टी उडते, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. सांगण्याचं काम माझं होतं. मला धोका माहीत होता, मी तो त्यांच्यापासून लपवला, आणि नंतर पंचनाम्यात त्यांचा दोष लिहून खाली सही केली. त्यांची आच त्यांच्या धंद्याच्या रीतीनं बरोबर होती. पंचनामा उर्दूत होता. हे मी मराठीत लिहितो आहे, म्हणजे शिवप्पाच्या नातवंडांनाही वाचता येईल.